धुतलेलं बियाणं

पालिकेच्या धान्यकोठाराच्या चाव्या जिच्या कमरेला असत, तिला रंगारी गल्लीत कुलूपबाई म्हणायचे. म्हणायचे ते पाठीमागे, पण गल्ली इतकी अरुंद की पाठीमागचं बोलणं तोंडावरच येऊन आदळे. तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. कुलूप आहे म्हणून गावात काही शिल्लक आहे, असं ती सांगे, आणि ते खरंच होतं. तिची धाकटी बहीण त्याच गल्लीत दिलेली. तीसुद्धा हसत हसत विचारायची, "ताई, झोपताना तरी चाव्या काढतेस का गं?" ती काढत नसे.

हवेने ताळतंत्र सोडल्याला हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी गव्हाचा दाणा भरायच्या वेळी तापलेले वारे सुटले आणि ओंब्यांत फोलपटं राहिली. आसपासच्या गावांनी घरचं बियाणं खाल्लं, मग विकत आणलं, आणि मग विकतही मिळेना. या गावाच्या पालिकेने तेवढं एक शहाणपण केलं होतं. उन्हात तग धरणारा गहू मिळेल तिथून गोळा केला, कोठारात भरला आणि ठराव केला की हे बियाणं पेरायचं, खायचं नाही. ठराव करताना सगळ्यांची पोटं भरलेली होती, त्यामुळे तो एकमताने झाला.

नदी आटली तशा रंगाऱ्यांच्या भट्ट्या विझल्या. कापड रंगवायला वाहतं पाणी लागतं, इथे विहिरीत घागरी भरण्यापुरतंच उरलं. तेव्हा पालिकेने नदीच्या उघड्या पडलेल्या गाळात गल्लीतल्या प्रत्येक घराला एकेक पट्टा आखून दिला आणि पेरायला बियाणं दिलं. ज्यांनी जन्मात कधी कुदळ धरली नव्हती ते रंगारी शेती करायला लागले. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, रंगवायला काही उरलं नाही म्हणून माती रंगवायला घेतली.

गेल्या वर्षी हे बियाणं पहिल्यांदा वाटायची वेळ आली, तेव्हा त्याला चोळायचं औषध आलंच नव्हतं. ते औषध चोळलं की जमिनीतली बुरशी आणि कीड दाण्याला शिवत नाही. ते जहाल विषारी असतं, म्हणून त्यात गुलाबी रंग घातलेला असतो, की कुणी चुकूनही तोंडात टाकू नये. औषध आणणारा रस्ता अवकाळी पुरात वाहून गेला होता. औषधाशिवाय पेरणी झाली असती, त्याचं काही नाही. कुलूपबाईला धास्ती दुसरीच होती, भुकेली माणसं बियाणं शिजवून खातील ही. मग तिने नुसता रंग आणवला, कोठाराचं दार आतून लावून स्वतःच्या हाताने दाण्यांना फासला आणि घरोघरी सांगितलं की हे विष आहे, हात धुऊन पेरा. नगराध्यक्षांना तेवढं ठाऊक होतं. ते म्हणाले, खोटं बोलून पीक येत असेल तर खुशाल बोला.

पीक आलं ते विरळ. तिने अहवालात लिहिलं की उष्णतेमुळे उगवण कमी झाली. रंगाऱ्याला रंगाची भीती घालणं म्हणजे माशाला पाण्याची घालणं, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

यंदा थंडी पडलीच नाही. थंडीत मरणारे किडे ऐटीत जगले आणि गाळात त्यांचं राज्य झालं. औषधाशिवाय पेरणं म्हणजे किड्यांना पंगत वाढणं होतं. नशिबाने, किंवा कमनशिबाने म्हणा, यंदा औषध वेळेवर आलं. निम्म्या बियाण्याला ते चोळून रंगारी गल्लीत वाटलं. निम्मं कोरंच आतल्या खोलीत ठेवलं, पहिली पेरणी करपली तर दुसरीला हाताशी असावं म्हणून. आणि तिने पुन्हा घरोघरी सांगितलं की हे विष आहे. शब्द तेच, आवाजही तोच.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी पालिकेच्या दवाखान्याचे डॉक्टर तिच्या टेबलासमोर येऊन बसले. ते एरवी खाली यायचे ते फक्त पंखा चालत नाही म्हणून भांडायला. आज पंख्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाले, की रंगारी गल्लीतले तीन जण आले आहेत, हात थरथरतात, चालताना तोल जातो, एकाला कमी दिसायला लागलंय. एक म्हातारी पहाटे गेली. तिच्या नखांच्या कडा गुलाबी होत्या.

कुलूपबाईने समोरची वही मिटली. डॉक्टरांना तिने काही विचारलंच नाही. त्यांना वाटलं, बाई कठोर आहे.

ती उठली, पालिकेची गाडी आणि भोंगा घेतला आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. भोंग्यातून तिने सांगितलं की गुलाबी गहू खाऊ नका, धुऊनही खाऊ नका, रंग जातो पण विष जात नाही. दारादारांतून माणसं बघत होती. कुणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. एक बाई दात काढून हसली, एवढंच. म्हातारी विषाने गेली असं कुलूपबाईने सांगितलं, तर कोपऱ्यावरचे भट्टीवाले काका म्हणाले की म्हाताऱ्या माणसांनी अशा उकाड्यात मरायचंच असतं, त्याला गहू कशाला हवा. हात थरथरतात, तर उपाशी माणसाचे थरथरणारच. पुराव्याला काडीची किंमत नव्हती, कारण भूक आणि विष दोन्ही दिसायला सारखीच होती.

मग ती बहिणीच्या घरी गेली.

बहिणीचा नवरा कामाच्या शोधात गेलेला, त्याचा पत्ता नव्हता. घरात ती आणि तिच्या दोन मुली. खोली एकच, एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात कापडं पिळायचा दांडा, आता वापराविना पडलेला. मधोमध मोठं घमेलं होतं आणि त्यात पाण्यात गहू भिजत होता. पाणी फिकट गुलाबी झालं होतं. बहीण त्यात कोपरापर्यंत हात घालून दाणे चोळत होती, वर्षानुवर्षं कापड चोळलं तसेच.

"खाल्लंत का यातलं?" कुलूपबाईने दारातूनच विचारलं.

"अजून नाही. हे तिसरं पाणी. आज धुते, उद्या वाळवते, मग दळते." बहिणीने वर पाहिलं. "बस की. अशी काय उभी?"

ती बसली नाही. घमेलं उचलायला वाकली. बहिणीने एका हाताने तिचं मनगट धरलं, फार जोरात नाही, पण ओली कापडं पिळून पिळून त्या हाताला जे बळ आलं होतं त्यापुढे चाव्या सांभाळणाऱ्या हाताचा काय पाड लागणार?

"ताई, खरं सांग. गेल्या वर्षी काय होतं ते?"

कुलूपबाई घमेल्यावरून सरळ झाली. शेवटी म्हणाली, "नुसता रंग."

"माहितीये मला. अख्ख्या गल्लीला माहितीये. कच्चा रंग होता, एका पाण्यात निघाला. आम्ही निम्मं पेरलं, निम्मं खाल्लं. तू इथेच उभी होतीस, माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस की विष आहे. मी मान हलवली. तू गेलीस आणि मी चूल पेटवली."

"यंदाचं खरं आहे गं."

"असेल. आणि नसेलही. तुझा चेहरा तेव्हाही असाच होता." बहिणीच्या आवाजात राग नव्हता, आणि कुलूपबाईला तेच सोसेना. "हे नेतेस तर ने. पण बदल्यात काय देतेस ते सांग. शब्द नको, ताई. दाणे दे."

देण्यासारखं कुलूपबाईच्या घरात तरी काय होतं? पगार महिनोन्महिने थकलेला, आणि पैसे असते तरी दुकानांच्या फळ्या मोकळ्या होत्या. पालिकेचं अन्नछत्र गेल्याच महिन्यात बंद झालं होतं. डब्याच्या तळाशी होतं ते पीठ तिने परवाच इथे आणून दिलं होतं. पण परत जाताना बहिणीचे शब्द तिच्या कानांत घुमत राहिले आणि पालिकेच्या पायऱ्या चढेपर्यंत तिला वाट सुचली होती. वाट कसली, कडाच तो, पण दुसरी नव्हती.

नगराध्यक्ष पूर्वी सायकली दुरुस्त करत. कुठल्याही प्रश्नाकडे ते पंक्चरसारखं बघत, आधी भोक कुठंय ते विचारत. तिने सांगितलं: आतल्या खोलीतलं कोरं बियाणं बाहेर काढायचं. गुलाबी माप आणा, कोरं माप न्या. माझ्यावर विश्वास ठेवा असं कुणाला सांगायलाच नको. गुलाबी बियाणं परत आलं की पालिका ते स्वतः पेरेल.

नगराध्यक्षांनी बराच वेळ टेबलावरची धूळ बोटाने पुसली. "म्हणजे दुसऱ्या पेरणीचं बियाणं लोकांच्या पोटात."

"हो."

"आणि पहिली पेरणी करपली तर?"

"तर पुढच्या वर्षी कुणाकडे काहीच नसेल."

"बाई, हे बियाणं राखायला तुम्ही माझ्याशी तीन वर्षं भांडलात." ते थांबले. "माझ्या सुनेच्या माहेरचे आले होते मागायला. तुम्ही त्यांना दारातून परत पाठवलंत, आठवतंय?"

तिला आठवत होतं. नगराध्यक्ष म्हणाले की ठराव मोडायचा तर ठराव करावा लागेल, आणि तो करायला सभासद गोळा करावे लागतील, आणि तोवर सगळी गल्ली जेवून झोपलेली असेल. तेव्हा करा काय करायचं ते, मी मागाहून सही करतो. वरातीमागून घोडं न्यायची पालिकेला सवय आहेच.

एक नियम मात्र तिने घातला. ओलं धान्य घ्यायचं नाही. ओला दाणा फुगतो, माप लवकर भरतं, आणि लोक पाणी घालून आणतील याची तिला खात्री होती. शिवाय ओलं बियाणं कुजतं, मग पेरणार काय? भोंग्यातून गल्लीत तसं सांगितलं गेलं: गुलाबी गहू आणा, कोरा न्या, पण कोरडा हवा. या खेपेला हसलं कुणी नाही. सगळे लगबगीने घरात शिरले. आपल्या डोक्याने काम केलं, असं तिला फार दिवसांनी वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठाराच्या दारात रांग लागली. मापाडी माप भरून घेई आणि मागच्या कणगीत ओती, मग कोऱ्या गव्हाचं माप भरून देई. कुलूपबाई शेजारी उभी राहून बघत होती. भांड्यांवर भांडी येत होती, डबे, बादल्या, रंगाची जुनी पिंपं. कणगीत गुलाबी ढीग वाढत होता आणि प्रत्येक मापागणिक तिच्या छातीवरचं ओझं हलकं होत होतं. एवढं विष गल्लीतून बाहेर आलं. बहीण कुठे दिसत नव्हती, पण ती यायचीच होती.

उन्हं चढली तेव्हा तिने सहज कणगीत हात घातला आणि मूठभर दाणे वर काढले. दाणे हलके लागले. तिने मूठ उघडली. तळहात कोरा होता.

औषध चोळलेला गहू हाताला लागला की बोटं गुलाबी होतात, साबणानेही लवकर जात नाही. इथे रंग लागलाच नव्हता. तिने दाणा वाकून हुंगला; औषधाचा उग्र वास नाही. पाण्यात टाकला, तर पाणी स्वच्छ, आणि दाणा वर तरंगायला लागला. आतून पोखरलेला जुना किडका गहू होता तो, जनावरंही तोंड लावणार नाहीत असला. कुणी फोलपटं रंगवली होती, कुणी गवताचं बी. पण रंग कसा, तर पक्का. एकसारखा, झकास, कुठे डाग नाही की कुठे फिका नाही. फसवायला निघालेल्या माणसांनाही कच्चा रंग देणं जमलं नव्हतं. तीन पिढ्यांचा हात, तो खोटं काम करतानाही खोटं करेना.

पुढे भट्टीवाले काका दोन डबे घेऊन उभे होते. तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काकांनी नजर चुकवली नाही.

"बाई, गेल्या वर्षी तुम्ही रंगवलंत, यंदा आम्ही. फिट्टंफाट."

"काका, खरा गहू घरात आहे ना तुमच्या?"

"आहे की. आधी हे कोरं खाऊ. मग ते."

तिने हात वर करून वाटप थांबवलं. रांग हलली, मग मागून रेटा आला, मग दाराची चौकट करकरली. माणसं चिडलेली नव्हती, घाबरली होती, आणि घाबरलेल्या गर्दीपुढे नियम टिकत नाहीत. नगराध्यक्ष माडीवरून खाली आले, एक नजर टाकली आणि तिच्या कानाशी म्हणाले की द्या, आता नाही दिलं तर ओरबाडून नेतील आणि चेंगरून चार मरतील. निदान ते खाऊन संपेपर्यंत तर विष टळेल. मापाड्याने पुन्हा माप उचललं. ती बाजूला उभी राहून पाहत राहिली. तीन वर्षं राखलेला गहू किडक्या दाण्यांच्या बदल्यात दाराबाहेर जात होता, आणि त्याला काय म्हणावं, चोरी की वाटप, तेही तिला कळेना. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

दुपार कलली. मापाड्याने शेवटचं पोतं उलटं करून झटकलं आणि घाम पुसत पायरीवर बसला. रांग पांगली. तेव्हा रस्त्याच्या टोकाकडून तिची बहीण येताना दिसली, डोक्यावर पातेलं, चाल सावकाश.

बहिणीने पातेलं पुढ्यात ठेवलं. आत गहू होता, धुऊन फिकट झालेला, पण जड, टपोरा. कुलूपबाईने बोट लावलं. बोटाला पुसटसा गुलाबी डाग आला. आख्ख्या दिवसात आलेल्या भांड्यांपैकी बहुतेक हे एकच खरं होतं.

"आत्ता आलीस?"

"तूच म्हणालीस ना कोरडा हवा. काल भिजवलेला होता. सकाळपासून छपरावर वाळवत बसले. ओला आणला असता तर म्हणाले असते, बाईची बहीण म्हणून घेतला." तिने कोठारात डोकावलं. रिकाम्या पोत्यांचा ढीग, झाडलेली फरशी. तिने एकदा मापाड्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे, आणि तिला कळलं. आरडाओरडा नाही, काही नाही. पातेलं उचलून तिने पुन्हा डोक्यावर घेतलं.

"ठेव ते इथे," कुलूपबाई म्हणाली. "हात जोडते तुला."

"आणि मुलींना काय घालू?"

कुलूपबाईने पातेल्याला हात घातला आणि ओढलं. बहिणीने नुसता दंड आडवा धरला. दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, लहानपणी एका पांघरुणासाठी उभ्या राहायच्या तशा. मग बहीण म्हणाली, "अजून एक पाणी देते. पक्कं चोळून. दळतही नाही, नुसता शिजवते," आणि चालायला लागली.

कुलूपबाईने सवयीने रिकाम्या कोठाराला कुलूप लावलं. मग ते आपण का लावलं हे लक्षात येऊन तिची तिलाच शरम वाटली आणि ती बहिणीच्या मागे धावत सुटली. गल्लीत घराघरांतून धूर निघत होता. कोऱ्या गव्हाचा वास सुटला होता, चांगला, भाजका वास. काही दिवसांनी याच घरांत गुलाबी गहू शिजेल, तेव्हा कुणाकुणाच्या दारात उभं राहायचं? एवढ्या चुलींपुढे ती एकटी कुठवर पुरणार? आत्ता एक तरी चूल, एवढंच तिला सुचत होतं.

ती बहिणीच्या आधी घरात शिरली आणि चुलीच्या तोंडाशी, पाठ चुलीला लावून, खाली बसली.

बहिणीने पातेलं जमिनीवर ठेवलं. म्हणाली, "ऊठ ताई." ती उठली नाही. बहिणीने पाणी आणलं, गहू घमेल्यात ओतला, चोळ चोळ चोळला, पाणी बाहेर फेकलं. मग सरपणाच्या दोन काड्या हातात घेऊन ती समोर येऊन बसली आणि वाट पाहायला लागली. तिला घाई नव्हती. मोठ्या बहिणीला उद्या कामावर जावं लागेल, कधीतरी झोपावं लागेल, हे दोघींनाही समजत होतं. बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं.

दोन्ही मुली उंबऱ्यावर बसून मावशीकडे बघत होत्या. मोठीला काहीतरी कळलं असावं, ती मान खाली घालून होती. धाकटीने थोडा वेळ धीर धरला. मग ती सरकत सरकत जवळ आली आणि तिने मावशीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मावशी," तिने विचारलं, "तू कधी उठणार?"